मिरज–लोंढा मीटरगेज पॅसेंजर, मे १९७३ : घरच्या माळ्यावर पुन्हा उभी करतोय

दुसरं_गेट

नमस्कार मंडळी,

दीड वर्ष कागदावर असलेलं काम आता लाकडावर उतरलंय, म्हणून धागा काढतोय. बेळगावात टिळकवाडीतल्या घराच्या माळ्यावर मिरज–लोंढा मार्गावरच्या मीटरगेज (एक मीटर रुंदीच्या रुळांवरच्या) पॅसेंजरचं छोटं मॉडेल करतोय, वाफेच्या इंजिनासकट. स्टेशन खानापूर, महिना मे, साल १९७३.

इतकं नेमकं साल धरायला कारण आहे. आई लग्न होऊन त्या महिन्यात मिरजेहून खानापूरला आली ती याच गाडीनं. दुष्काळाचं वर्ष. कुडचीजवळ पूल ओलांडताना कृष्णेत वाळूच दिसत होती, असं ती अजून सांगते. मी लहान असताना याच रुळांवरून आजोळी जायचो. मग नव्वदच्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ते अरुंद रूळ उचलून नेले. आता खानापूर स्टेशनात उभं राहून माझ्या मुलीला 'इथून छोटी गाडी जायची' म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे बघते. तिला दाखवायला काही तरी हवं.

ज्यांना पूर्वपीठिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सदर्न मराठा रेल्वे १८८२ ची. तिनं पुणे–मिरज–बेळगाव–लोंढा हा पट्टा मीटरगेजनं जोडला. १९०८ साली ती मद्रास रेल्वेबरोबर एक होऊन मद्रास अँड सदर्न मराठा झाली. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, दक्षिण रेल्वे आली. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली तेव्हा हुबळी विभाग तिच्याकडे गेला. म्हणजे माझी गाडी दक्षिण मध्यची. १९७१ मध्ये पुणे–मिरज ब्रॉडगेज झालं होतं. त्यामुळे १९७३ साली मिरजेला गाडी बदलायची, सामान डोक्यावर घेऊन पलीकडच्या फलाटावर जायचं. त्याच मिरजेत लातूरकडची बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडीही होती. एका गावात तीन गेज, म्हणजे रुळांच्या तीन रुंदी.

पाच डब्यांचा रेक ठरवलाय : एक सामान-आणि-गार्डाचा, तीन तिसऱ्या वर्गाचे, एक पहिला-तिसरा मिश्र. इंजिन वाय-पी, मीटरगेजचं वाफेचं. प्रमाण १:८७, रूळ बारा मिलिमीटरचे. खोली साडेदहा बाय आठ फूट. सूचना हव्या आहेत, अनुभव हवे आहेत. चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

घटप्रभा

वा! वाचतोय. फोटो टाकत राहा.

लोंढा_जंक्शन

अण्णा, विषय जिव्हाळ्याचा. पण बारा मिलिमीटरच्या भानगडीत का पडताय? एच-ओचा, म्हणजे १:८७ च्या मॉडेलांचा नेहमीचा, साडेसोळा मिलिमीटरचा रूळ सगळीकडे मिळतो. वळणं, सांधे, इंजिनांचे सांगाडे, सगळं तयार. बारा मिलिमीटरचा रूळ बाहेरून मागवायचा म्हणजे खर्च दुप्पट आणि वाट बघणं वेगळंच. डबे तुम्ही मीटरगेजचे कराल, रंग बरोबर द्याल, मग खालचा रूळ साडेचार मिलिमीटर जास्त रुंद आहे हे कुणाला कळणार?

दुसरं_गेट

@लोंढा_जंक्शन, याच प्रश्नावर मी चार महिने अडून होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

साडेसोळाला सत्त्याऐंशीनं गुणा. १४३५ येतात. तो युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. आपल्या मुख्य मार्गांवर तो कधीच नव्हता. आपला ब्रॉडगेज १६७६, तो या प्रमाणात १९.३ मिलिमीटर होतो. मीटरगेज साडेअकरा. म्हणजे साडेसोळाच्या रुळावर आपली कुठलीच गाडी खरी दिसत नाही, फक्त ब्रॉडगेजवाल्यांना ते चालवून घेता येतं. त्यांची चूक गाडीचा तोल बदलत नाही.

मीटरगेजचं तसं नाही. डबा पावणेतीन मीटर रुंद, रूळ एक मीटर. जवळजवळ पावणेतीन पट. ब्रॉडगेजला डबा सव्वातीन मीटर, रूळ १.६७६, म्हणजे दुपटीच्याही आत. मीटरगेजची गाडी समोरून येताना बघितली असेल तर आठवा. दोन्ही बाजूंनी डबा रुळाच्या बाहेर झुकलेला असतो. खांद्यावर मोठी मोट घेऊन अरुंद बांधावरून माणूस चालावा तशी ती येते, थोडी डुलत. तेच तिचं रूप. देसूर सोडल्यावर वळणावर खिडकीतून मागं बघितलं की डब्यांच्या खाली रूळ दिसायचेच नाहीत, जणू गाडी गवतावरून चाललीय. रूळ साडेसोळाचे केले की हे सगळं जातं. उरतो मरून रंगाचा कुठला तरी परदेशी डबा.

आणि रूळ मिळतात. स्वित्झर्लंडमध्ये मीटरगेज अजून जोरात चालतो, त्यामुळे १:८७ साठी बारा मिलिमीटरचे रूळ पेको, बेमो, टिलिग या कंपन्यांकडे तयार आहेत. वेळ लागतो, खर्च होतो, कबूल. पण बाकी सगळ्यात तडजोड करीन, यात नाही.

लोंढा_जंक्शन

पावणेतीन पट आणि दुपटीच्या आत. हे असं मोजून कधी बघितलंच नव्हतं. पटलं. आता दुसरा प्रश्न : इंजिन कुठून आणणार? वाय-पी कुणी विकत नाही.

उद्यमबाग

अण्णा, नमस्कार. मी खराद्या माणूस, मॉडेलातलं काय कळत नाही. पण चाकं हवीत तर मी लेथवर करून देतो की. माप सांगा. आमच्यात रोज बारीक बुशी निघतात बघा, त्यात ह्या काय अवघड हायत?

दुसरं_गेट

@उद्यमबाग, देवानं धाडलं तुम्हाला. डब्यांच्या चाकांची मापं कागदावर काढून आणतो. कडेची फ्लँज (चाकाला रुळावर धरून ठेवणारी कड) मात्र फार नाजूक : एच-ओत जी चालते ती ०.६४ मिलिमीटर उंच असते, एका इंचाचे चाळीस भाग केले तर त्यातला एक. दोन्ही चाकांच्या आतल्या अंगांमधलं अंतर सगळ्या जोड्यांत एकसारखं आलं पाहिजे, नाहीतर सांध्यावर गाडी उतरते.

@लोंढा_जंक्शन, इंजिनाचं उत्तर मला योगायोगानं सापडलं. वाय-पी म्हणजे पुढं चार चाकं, मध्ये सहा मोठी, मागं दोन. मोठ्या चाकांचा व्यास ५४ इंच, म्हणजे १३७२ मिलिमीटर. सत्त्याऐंशीनं भागलं की १५.८. बारा मिलिमीटरच्याच रुळावर आणखी एक प्रमाण चालतं, टीटी, १:१२०. त्यात हॉर्नबी कंपनीनं २०२२ पासून इंग्लंडची ४-६-२ इंजिनं काढली आहेत. त्या मूळ इंजिनांची चाकं ८० इंची, १२० नं भागलं की १६.९. फरक एका मिलिमीटरचा! रूळ तोच, चाकांची रचना तीच, मोटर तयार, दातेरी चाकं तयार. वरची इंग्रजी टोपी काढायची आणि आपला बॉयलर, आपली केबिन, आपलं टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) बसवायचं. चाकांमधली अंतरं वाय-पीशी तंतोतंत नाहीत. पण बाजूचे दांडे हलू लागले की तिकडं डोळा जात नाही. ही तडजोड मी स्वीकारली.

बॉयलर पितळी नळीचा. केबिन आणि टेंडर ०.३ मिलिमीटर पितळी पत्र्याचं, घरीच सोल्डरचा डाग देऊन. वाय-पी एकूण ८७१ बनली, त्यातली बरीच जमशेदपूरच्या टेल्कोत. म्हणजे फोटो आणि रेखाचित्रांची वानवा नाही.

निपाणीची_लेक

किती छान! पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, तिथं मुलाला घेऊन गेले होते. मुलापेक्षा मीच जास्त वेळ उभी राहिले. आपल्या भागाची गाडी मात्र कुठंच बघितली नाही.

एक विचारू? १९७३ की १९७५, यानं खरंच फरक पडतो का? काळं इंजिन, मरून डबे, दोन्हीकडे तेच ना?

दुसरं_गेट

@निपाणीची_लेक ताई, डब्याच्या दारावर पडतो. १९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला. १९७३ च्या डब्यावर तीन रेघांचा रोमन आकडा पाहिजे. १९७५ ला तोच डबा, तेच लाकडी बाक, पण आकडा दोनचा. सव्वा मिलिमीटर उंचीच्या तीन रेघा आहेत, भिंग लावून रंगवतोय. आई तिसऱ्या वर्गानं आली होती, दुसऱ्यानं नाही.

सांबरा_रोड

दूधसागर पण करा की राव! कॅसलरॉक ते कुळे, धबधबा, बोगदे. बघणाऱ्याचं भान हरपेल.

दुसरं_गेट

@सांबरा_रोड, मोह होतो. पण तो सव्वीस किलोमीटरचा घाट, सोळा बोगदे, ३७ ला १ चढ. १:८७ मध्ये तोच तीनशे मीटर भरेल. शिवाय घाटाची गाडी वेगळी, तिला मागून ढकलायला बँकर इंजिन हवं. माझी पॅसेंजर खानापूरला थांबते, पाणी पिते आणि पुढं गुंजीकडे निघते. एवढंच नीट झालं तरी पुष्कळ.

दुसरं_गेट

तीन महिन्यांनी लिहितोय. वाईट बातमी आधी.

पायाला मी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) वापरला. स्वस्त, सपाट, कापायला सोपा. जुलै लागला, खानापूर-लोंढ्याकडून येणारा तो आडवा पाऊस सुरू झाला, आणि पंधरा दिवसांत फळीच्या कडा फुगून आल्या. एके सकाळी माळ्यावर गेलो तर फलाटासमोरचा रूळ सापासारखा वाकडा. आधी वाटलं, रूळ तापून वाढला. पण पावसाळ्यात कसला ताप! रूळ होता तेवढाच होता. खालचं लाकूड ओल पिऊन हललं होतं. सगळं उपटलं. आता मरीन प्लाय, खाली दर फुटावर आडवी पट्टी, आणि वरून-खालून-कडेनं, सगळीकडून वॉर्निशचे दोन हात. आपल्या भागात कुणी हे काम करणार असेल तर खालची बाजू उघडी ठेवू नका, ओल तिकडूनच शिरते.

दुसरी फजिती चाकांची. उद्यमबागेतल्या आपल्या मित्रानं चाकं अशी काढली की हातात घेऊन बघत राहावं. पितळ लखलखीत, फ्लँज मापात. पहिला डबा रुळावर ठेवला, आणि कंट्रोलरचा लाल दिवा लागून सगळं बंद. अर्धा तास वायर तपासत बसलो. मग लक्षात आलं : चाक पितळी, आस पोलादी, दुसरं चाकही पितळी. डाव्या रुळातली वीज आसावरून सरळ उजव्या रुळात! खऱ्या रेल्वेत हे चालतं, दोन रुळांतून वीज देणाऱ्या मॉडेलमध्ये चालत नाही. सांगायची चूक माझीच.

उद्यमबाग

अण्णा, मनाला लावून घेऊ नका. एका अंगाला नायलॉनची बुश घालून दिलीय की नाही? मीटर लावून एकेक जोडी तपासलीय मी. वीसच्या वीस.

दुसरं_गेट

होय, आणि वीसच्या वीस जोड्या आज पळतायत. पाच डबे, डब्याला चार.

डब्याचं माप : मूळ साडेएकोणीस मीटर, माझा २२४ मिलिमीटर. वळणाची त्रिज्या डब्याच्या तिप्पट तरी हवी असं जाणकार सांगतात, म्हणून कमीत कमी ६७० धरली. त्यापेक्षा आवळलं की डब्यांची टोकं एकमेकांत घुसतात.

बफरबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. बाजारातल्या युरोपच्या डब्यांना टोकाला दोन बाजूला दोन बफर (धक्का झेलणारे दट्टे) असतात. आपल्या मीटरगेजला मधोमध एकच, जोडणीही तिथंच. सुटे भाग घ्याल तर ते दोन कान आधी कापा. एवढ्या एका गोष्टीनं डब्याचं तोंड एकदम आपलं दिसायला लागतं.

कौलांचं कामही उरकलं. मंगळुरी कौल साधारण ४१ सेंटीमीटर लांब, म्हणजे इथं ४.७ मिलिमीटर. खानापूर म्हणजे मातीकामाचं गाव, तिथल्या स्टेशनाची कौलं कागदाची करायला मन घेईना. पातळ प्लॅस्टिकवर एक ओळ हातानं कोरली, तिचा साचा घेतला, आणि बाकी ओळी मातीच्या लगद्यानं ओतल्या. रंग द्यावाच लागला नाही.

झाडांसाठी वाळलेल्या तुळशीच्या मंजिऱ्या. वृंदावनातल्या तुळशीची काडी १:८७ मध्ये हुबेहूब सागाच्या फांद्यांसारखी दिसते. खडी म्हणजे क्रशरची बारीक कच, चहाच्या गाळणीतून दोनदा चाळलेली. निम्मं पाणी, निम्मा पांढरा गोंद आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. थेंब विसरलात तर गोंद खडीवर मोत्यासारखा गोळा होऊन बसतो, आत जात नाही.

आता गाडी फार नवी दिसतेय. ती मळवायची कशी, यावर कुणाचा हात बसलाय?

हुबळी_शेड

नमस्कार. मी इथं फारशी लिहीत नाही. माझे बाबा हुबळी शेडला फायरमन होते, हा मार्ग त्यांच्या रोजच्या पायाखालचा. तुमचे फोटो मोठे करून त्यांना दाखवले. चष्मा पुसून दोनदा बघितले. ते बोलतील तसं लिहिते.

'इंजिन सगळीकडून सारखं काळं करू नको म्हणावं. धुराडं आणि त्याच्या खालचं तोंड राखाडी असतं, तिथं रंग जळतो. सिलिंडर आणि दांडे तेलानं ओले, तिथं चमक ठेव. बॉयलरवर पांढरे ओघळ काढ. क्षाराचं पाणी जिथून गळतं तिथं खाली पांढरी रेघ उतरते, कितीही पुसली तरी परत येते. आणि केबिनचं हँडल घासून उजळ कर, तिथं आमचा हात असायचा.'

डब्यांबद्दल : 'इंजिनामागच्या पहिल्या दोन डब्यांची छपरं काळी, मागं मागं कमी. खाली मातीचा रंग बघून लाव. मिरजेपासून रायबाग, घटप्रभेपर्यंत काळी माती. बेळगाव सोडून खानापूरकडे गेलं की तांबडी. गाडी मिरजेहून आली असली तर खालचा थर काळपट राखाडी, त्यावर तांबडा. उलटं नाही.'

आणि एक चूक दाखवली. तुमच्या टेंडरमध्ये कोळसा काठोकाठ आहे. 'मिरजेहून ओढून आणलीय गाडी. खानापूरपर्यंत कोळसा इतका कसा राहील? पुढच्या अंगाला खड्डा पडलेला पाहिजे, फावडं तिथं चालतं.'

दुसरं_गेट

ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. कोळसा आजच काढला. खराच आहे, हातोडीनं फोडून चाळलेला. पुढचा अर्धा उपसून तिथं टेंडरचा उघडा, घासलेला पत्रा दाखवलाय, आणि एक फावडं आडवं टाकलंय.

मातीचे दोन थर मी जन्मात केले नसते. तांबडी माती खानापूर स्टेशनाबाहेरची, काळी रायबागेच्या मित्रानं पुडीत बांधून पाठवली. दोन्ही वस्त्रगाळ करून मऊ ब्रशनं झाडल्या. आता डब्याच्या अंगावर प्रवास दिसतो.

लोंढा_जंक्शन

शेवटचा फोटो रात्री अकराला उघडला, बारापर्यंत बघत होतो. बायकोनं विचारलं, कुठल्या स्टेशनाचा जुना फोटो आहे.

निपाणीची_लेक

आईंनी बघितलं का?

दुसरं_गेट

बघितलं. काल हाताला धरून जिना चढवला. इंजिनाकडे तिनं फारसं बघितलंच नाही. वाकून एकेका डब्याच्या खिडकीला डोळा लावत गेली. आत लाकडी पट्ट्यांचे बाक केलेत ते बोटानं दाखवले आणि म्हणाली, 'झडपा वर कशाला केल्यास सगळ्या? मे महिना होता. उन्हाच्या बाजूच्या सगळ्या खाली ओढलेल्या. मी फटीतनं बघत आले.'

मी विचारलं, कुठला डबा? तर म्हणे, गार्डाकडून दुसरा. सासरची माणसं पुढच्या बाकावर, तिची पत्र्याची ट्रंक पायाशी, आणि ट्रंकेवर कुणाची तरी फणसाची पाटी, तिचा वास साडीला लागला होता. हे तिनं मला पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

रात्री त्या डब्याचं छप्पर काढलं. पश्चिमेकडच्या झडपा एकेक करून चिमट्यानं खाली बसवल्या. एक तेवढी अर्धवट ठेवली. बाकाखाली नऊ मिलिमीटरची ट्रंक, निळी.

उद्यमबाग

अण्णा, रविवारी येतो आईंना भेटायला. कुंदा घेऊन येतो.

हुबळी_शेड

बाबांनाही यायचंय. जिना चढतील, सावकाश चढतील. एक विचारायला सांगितलंय त्यांनी : गोळा, म्हणजे पुढचा एकेरी मार्ग मोकळा असल्याची खूण, दिलाय का? स्टेशन मास्तरानं गोळा दिल्याशिवाय गाडी गुंजीकडे हलायची नाही.

दुसरं_गेट

दिलाय. इंजिनापाशी पॉइंट्समन उभा आहे, हात वर करून. त्याच्या हातात तांब्याच्या तारेचं कडं, कड्याला चामड्याची पिशवी म्हणून रंगवलेला कागदाचा तुकडा. गोळा पिशवीत असतो, दिसत नाही, पण मोहरीचा अर्धा दाणा आत घातलाय. रविवारी सकाळी दहाला या. बाबा आले की गाडी सोडतो.